मिसेस हम्फ्रीच्या खिडकीत राजा

मे १७८६ मध्ये लंडनमध्ये वॉरन हेस्टिंग्जचे एक चित्र विक्रीला आले. डोक्याला पागोटे, अंगात हिंदुस्थानी झगा आणि बसायला उंट. तीन दरोडेखोरांनी त्याला वाटेत गाठले आहे. चष्मा लावलेला एक किडकिडीत गृहस्थ त्याच्यावर बंदूक झाडतो आहे, तो एडमंड बर्क. खंजीर परजून धावून येणारा दांडगा, काळ्याकुट्ट भुवयांचा इसम म्हणजे चार्ल्स जेम्स फॉक्स. माजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचा डोळा मात्र हेस्टिंग्जपेक्षा उंटावरच्या पैशाच्या थैल्यांवर आहे. हेस्टिंग्जच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. चित्राच्या नावातच त्याला ‘हिंदुस्थानचा तारणहार’ म्हटले आहे आणि हल्लेखोरांना ‘राजकीय दरवडेखोर’.

आता दुसरे चित्र. तारीख १ मार्च १७८८. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जवरचा महाभियोग सुरू होऊन जेमतेम पंधरवडा उलटला आहे. लॉर्ड चॅन्सेलर थर्लो, म्हणजे ज्याने त्या खटल्याचे अध्यक्षस्थान भूषवायचे तोच, कमरेइतक्या तांबड्या समुद्रातून चालला आहे. त्याच्या खांद्यावर हेस्टिंग्ज बसला आहे, पुन्हा पागोटे घातलेला, हातांत पैशाच्या थैल्या घट्ट धरलेला. समुद्र रक्ताचा आहे आणि त्यात हिंदुस्थानी माणसांची प्रेते तरंगत आहेत. आपल्या पायाला रक्त लागू नये एवढीच काळजी वाहिलेल्या या स्वाराला न्यायाधीशच पैलतीराला नेतो आहे.

ही दोन्ही चित्रे एकाच माणसाने काढली आहेत. त्याचे नाव जेम्स गिलरे.

तिसऱ्या जॉर्जच्या काळातल्या इंग्रजी व्यंगचित्रांविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या निर्भयतेने दिपून जातात. मीही गेलो होतो. राजाला खुशाल उघडानागडा दाखवणारे, राणीला चेटकीण करणारे, युवराजाच्या अंथरुणात डोकावणारे हे चित्रकार, आणि त्यांच्या समोरच्या तीरावर त्याच वर्षांत फ्रान्समध्ये शिर उडवणारे यंत्र. केवढे हे स्वातंत्र्य, असे कोणालाही वाटावे. पण हेस्टिंग्जची ही दोन चित्रे शेजारी ठेवली की प्रश्न पडतो. गिलरेचे मत दोन वर्षांत बदलले, की गिऱ्हाईक बदलले?

आधी हा धंदा कसा चाले ते पाहू. वर्तमानपत्रात चित्र छापण्याची सोय त्या काळी जवळजवळ नव्हतीच. व्यंगचित्र सुटे छापले जाई आणि सुटेच विकले जाई. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचे, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. सुईने जिथे मेण खरवडले असेल तिथे तेजाब तांबे खाते. पत्रा पुसून, त्या खाचांत शाई भरून, ओलसर कागदावर दाबाखाली छाप काढायचा. छाप उलटा उतरतो, म्हणून चित्रातली सगळी अक्षरे उलटी लिहावी लागतात. गिलरेच्या चित्रांत तर पात्रांच्या तोंडून निघालेल्या फुग्यांमध्ये, भिंतीवरच्या कागदांवर, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरांची नुसती गर्दी असते. तो आरंभी अक्षरे कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता, ती विद्या इथे कामी आली. मधेच ती उमेदवारी सोडून तो फिरत्या नाटकमंडळीबरोबर पळून गेला होता. चित्रांतले त्याचे पुढारी रंगमंचावर उभे असल्यासारखे का दिसतात, याचे उत्तर कदाचित तिथे असेल.

छापलेल्या कागदांवर मग दुकानातली माणसे हाताने रंग भरत. साधा छाप शिलिंगभर किमतीला, रंगीत असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. लंडनमधल्या साध्या मजुराचा दिवसाचा रोज दीड-दोन शिलिंग होता हे ध्यानात घेतले म्हणजे ही चित्रे ‘जनतेची’ होती हे म्हणणे किती बेताने करावे ते कळते. विकत घेणारे होते सरदार, खासदार, वकील, व्यापारी. सॅम्युअल फोर्स नावाचा पिकॅडिलीतला विक्रेता चित्रांच्या चोपड्या एका संध्याकाळपुरत्या भाड्याने देत असे, म्हणजे घरी जेवायला पाहुणे असले की ती मागवायची, जेवणानंतर सगळ्यांनी मिळून पाने उलटायची आणि सकाळी परत करायची. आपल्याकडे व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणत तसेच हे. फोर्सच्या दुकानातल्या प्रदर्शनाला शिलिंगभर प्रवेशमूल्य होते, आणि १७९३ च्या सुमारास तिथे गिलोटिनची प्रतिकृतीही मांडलेली होती.

फुकट होती ती खिडकी. दुकानदार नवी चित्रे काचेला आतून चिकटवत आणि बाहेर रस्त्यावर घोळका जमे. गिलरेच्याच १८०८ मधल्या एका चित्रात सेंट जेम्स स्ट्रीटवरचे हॅना हम्फ्रीचे दुकान दिसते. रस्ता निसरडा, पुढे एक म्हातारा सपशेल आडवा झालेला, त्याच्या खिशातली नाणी विखुरलेली, आणि पाठीमागचा घोळका त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता खिडकीत दंग. दुकानाच्या मालकिणीने लग्न केले नव्हते, पण रीतीप्रमाणे सगळे तिला मिसेस हम्फ्री म्हणत. १७९१ नंतर गिलरेची जवळजवळ सगळी चित्रे तिनेच प्रकाशित केली. तो राहायचाही तिच्याच दुकानाच्या माडीवर. दोघे एकदा लग्नासाठी चर्चच्या वाटेला लागले आणि गिलरे अर्ध्या वाटेवरून परतला, अशी एक आख्यायिका आहे.

चित्रांखाली बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि तारीख असते. ही विल्यम होगार्थची पुण्याई. त्याची चित्रे चोरून छापणाऱ्यांना वैतागून त्याने खटपट केली आणि १७३५ मध्ये कोरीव चित्रांना चौदा वर्षांचा मालकी हक्क देणारा कायदा अमलात आला. हक्क शाबूत ठेवायचा तर तारीख घालणे भाग होते. त्यामुळे आज अडीचशे वर्षांनी आपल्याला कोणते चित्र कोणत्या दिवशी खिडकीत लागले ते सांगता येते. बखरींच्या तारखा जुळवताना ज्यांचे डोळे शिणले आहेत त्यांना या गोष्टीचा हेवा वाटेल.

आपल्या ‘व्यंगचित्र’ या शब्दात दोन अर्थ दडलेले आहेत. व्यंग म्हणजे शरीरातले न्यून, आणि व्यंग्य म्हणजे सुचवलेला अर्थ. या चित्रकारांची सुरुवात पहिल्यापासून होते. फॉक्सच्या भुवया आणि दाढीचे खुंट, पिटचे काठीसारखे अंग आणि वर उचललेले नाक, बर्कचा चष्मा. बर्कच्या डोक्यावर ते कॅथलिक जेझुइटाची टोपी चढवत, कारण तो आयरिश होता आणि त्याची आई कॅथलिक. कॅथलिकांविषयी लंडनमध्ये जो संशय होता तो नुसत्या टोपीने जागा होई, एक अक्षरही लिहावे लागत नसे. इथे व्यंगातून व्यंग्याकडे जाणे झाले, पण ते फार चांगल्या दिशेने झाले असे म्हणवत नाही.

याच बर्कशी आपला एक जुना संबंध आहे. राघोबादादांनी इंग्लंडला पाठवलेले वकील १७८१ मध्ये लंडनमध्ये होते: हणमंतराव नावाचे ब्राह्मण, आणि त्यांच्यासोबत मणियार हे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा. परक्या मुलखात सोवळ्याचा स्वयंपाक करायचा कुठे? ही अडचण बर्कच्या कानावर गेली आणि त्याने या मंडळींना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेऊन बागेतले झाडांसाठी बांधलेले मोठे काचघर त्यांच्या हवाली केले. राघोबादादांच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, इंग्रज सरदारी वळणाच्या बागेत, काचेच्या भिंतींआड एक मराठी ब्राह्मण चूल पेटवून भात रांधतो आहे हे दृश्य मला विसरता येत नाही. पुढे पाच वर्षांनी बर्कने हेस्टिंग्जवर बावीस आरोप मांडले, त्यांत मराठ्यांशी झालेल्या युद्धाचा आणि तहाचाही एक होता. हिंदुस्थानी माणूस प्रत्यक्ष पाहिलेला, त्याच्या जेवणाखाण्याची काळजी केलेला बर्क, आणि चित्रातला, पागोटे घातलेल्या इंग्रजावर बंदूक झाडणारा बर्क. यांतला दुसराच लंडनला ठाऊक होता.

व्यंगचित्राने राजकारण फिरते का? एका प्रसंगी ते फिरले असे खुद्द फॉक्सचे मत होते. १७८३ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार कंपनीच्या संचालकांकडून काढून सात आयुक्तांकडे देणारे विधेयक फॉक्सने आणले. आयुक्त नेमायचे त्याच्याच गटाने. हिंदुस्थानातल्या नेमणुका म्हणजे सोन्याची खाण, ती एका पक्षाच्या घशात जाणार अशी ओरड झाली. ५ डिसेंबरला जेम्स सेयर्स नावाच्या वकिलाने काढलेले चित्र विक्रीला आले. फॉक्स मोगल बादशहाच्या थाटात हत्तीवरून लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीकडे निघाला आहे. हत्तीला तोंड लॉर्ड नॉर्थचे. पुढे तुतारी फुंकत बर्क. नाव, ‘कार्लो खान’. बारा दिवसांनी, १७ डिसेंबरला, लॉर्डांच्या सभेने विधेयक फेटाळले आणि लगोलग राजाने मंत्रिमंडळ बरखास्त करून चोवीस वर्षांच्या पिटला पंतप्रधान केले.

विधेयक पडले त्याचे खरे कारण चित्र नव्हते. विधेयकाला मत देणारा आपला मित्र नव्हे, असा निरोप राजाने लॉर्ड टेंपलकरवी सभेत फिरवला होता. तरीही फॉक्स म्हणत असे की संसदेतल्या भाषणांनी आणि छापील मजकुराने झाले त्यापेक्षा जास्त नुकसान सेयर्सच्या चित्रांनी केले. पिटलाही तसेच वाटले असावे. त्याने सेयर्सला एक्स्चेकर न्यायालयात मार्शलची जागा दिली. एका चित्राचे मोल सरकारी चाकरी.

सेयर्स निदान पिटचा मनापासून पक्षपाती होता. गिलरेचे तसे नव्हते. त्याने सरकारलाही सोडले नाही आणि विरोधकांनाही. १७९२ चा उन्हाळा त्याचा सर्वांत सुपीक म्हणावा लागेल. जूनमध्ये त्याने मिल्टनच्या महाकाव्यातला प्रसंग घेऊन राणी शार्लटला पापाची नग्न, सर्पकेशी मूर्ती केले; ती पिटला पाठीशी घालते आहे. जुलैमध्ये बापलेकांची जोडी आली. पहिल्या चित्रात युवराज जेवण आटोपून खुर्चीत रेलला आहे. पोटावरची बटणे ताणलेली, हातातल्या काट्याने दात कोरणे चालू. मागे भरलेल्या मूत्रपात्राखाली कसाई, कोंबडीवाला, बेकरीवाला यांची न भागवलेली बिले. फडताळात गुप्तरोगावरची औषधे. भिंतीवरच्या राजचिन्हात सुरी आणि काटा. खिडकीतून दिसते ते त्याचे अर्धवट बांधलेले कार्लटन हाउस. पाचच वर्षांपूर्वी, १७८७ मध्ये, संसदेने या युवराजाचे १,६१,००० पौंडांचे कर्ज लोकांच्या पैशाने फेडले होते.

दुसऱ्या चित्रात त्याचे आईवडील. राजा उकडलेले अंडे खातो आहे, तुमानीला ठिगळ लावलेले. राणी पालापाचोळा तोंडात कोंबते आहे. शेगडीत विस्तवाऐवजी फुले ठेवली आहेत आणि खुर्चीला मळू नये म्हणून खोळ घातली आहे. ही दोन चित्रे वेगवेगळी पाहिली तर दोन टिंगली आहेत. शेजारी ठेवली तर ती एका घरातल्या न मिटणाऱ्या भांडणाची गोष्ट होते: कवडी कवडी जपणारा बाप आणि त्याच्यावर सूड उगवल्यासारखा खाणारा मुलगा. गिलरेच्या बरोबरीच्या कोणालाही हे जमले नाही, आणि माझ्या मते पुढेही फारसे कोणाला जमले नाही.

सरकार हे कसे चालू देत होते? इंग्लंडमध्ये छापण्याआधीची परवानगी १६९५ मध्येच संपली होती. छापल्यानंतर बदनामीचा खटला भरता येई, पण चित्रावर खटला भरणे म्हणजे काय होते पाहा. काठीसारखा, लाल नाकाचा तो माणूस म्हणजे पंतप्रधानच, हे सरकारी वकिलाला ज्यूरीपुढे उभे राहून पटवून द्यावे लागणार. सगळे न्यायालय हसणार, आणि दुसऱ्या दिवशी चित्राची मागणी दुप्पट. शब्दांची गोष्ट वेगळी होती. विल्यम हॉलंड या व्यंगचित्र-प्रकाशकाने राजघराण्याची वाटेल तशी चित्रे विकली, त्याला कोणी हात लावला नाही. टॉमस पेनची पुस्तिका विकली म्हणून १७९३ मध्ये त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले. राजा हास्यास्पद आहे असे दाखवलेले चालत होते. राजाची गरज नाही असे लिहिलेले चालत नव्हते.

या फरकातच गिलरेच्या पुढच्या कहाणीची मेख आहे. ७ जानेवारी १७९६ ला युवराजाला मुलगी झाली. दोनच दिवसांनी गिलरेचे चित्र खिडकीत: झिंगलेला बाप तोल सावरत बाळाकडे येतो आहे, फॉक्स आणि शेरिडन बाळाचे ढुंगण चुंबत आहेत, आणि नाव ‘ज्ञानी पुरुषांची भेट’. बेथलेहेमच्या कथेची ही थट्टा पाखंडात काढता येण्याजोगी होती. त्याच महिन्यात गिलरेला अटक झाली.

खटला उभा राहिला नाही. या सुमारास जॉर्ज कॅनिंग नावाचा एक तरुण, महत्त्वाकांक्षी खासदार गिलरेच्या चित्रात आपण यावे म्हणून मध्यस्थ घालून बसला होता. हो, यावे म्हणून. ज्याची टवाळी होत नाही तो कोणीच नाही, असा हिशेब होता. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच आक्रमणाच्या एका भयचित्रात कॅनिंग दिव्याच्या खांबाला लटकलेला दिसला आणि त्याची इच्छा पुरी झाली. १७९७ पासून गिलरेला सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड मिळू लागले. हा कॅनिंग पुढे परराष्ट्रमंत्री आणि पंतप्रधान झाला. आपल्याला ठाऊक असलेला १८५७ चा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग तो याचाच मुलगा.

त्यानंतरची गिलरेची चित्रे पाहताना वाचकाने हे २०० पौंड लक्षात ठेवावेत. फॉक्स आणि त्याचे साथीदार आता रक्तपिपासू क्रांतिकारक होतात. पिट अजूनही काटकुळा आहे, पण सुकाणू धरून आहे. गिलरेने आपली बाजू एकदा अशी मांडल्याचे सांगतात की विरोधक कंगाल झाले आहेत, ते चित्रे विकत घेत नाहीत, मग मी काय करू? यात निर्लज्जपणा आहे तसा प्रामाणिकपणाही आहे. आणि सरकारी पैसा खाऊनही त्याचा हात पूर्ण आज्ञाधारक झाला नाही. १८०१ मध्ये पिट पायउतार झाला, निवृत्तिवेतन बंद पडले, आणि १८०५ मध्ये गिलरेने त्याला टेबलाशी बसवले: समोर नेपोलियन, मध्ये पृथ्वीच्या आकाराची वाफाळती पुडिंग. नेपोलियन तलवारीने युरोप कापतो आहे, पिट त्रिशुळी काट्याने समुद्राचा याहून मोठा तुकडा ओढतो आहे. शत्रू हावरट आहे. आपलाही पंतप्रधान तितकाच. त्या समुद्राच्या तुकड्यापलीकडे जे देश होते त्यांना या जेवणाचा अर्थ पुडिंग खाणाऱ्यांपेक्षा लवकर कळला असता.

नेपोलियन बुटका होता असे आपण शाळेत शिकलो. त्याची उंची त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानाने ठीक होती. तो बुटका झाला गिलरेच्या सुईने, मोठाल्या बुटांत बुडालेला, खुर्च्या लाथाडणारा ‘लिट्ल बोनी’ म्हणून. फॉक्सच्या भुवया त्याच्याबरोबर गेल्या, हे बुटकेपण मात्र मराठी पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचले.

बायकांच्या बाबतीत हे हसू नेहमीच अधिक क्रूर होते. १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना फॉक्सच्या प्रचाराला घरोघर गेली. तिने एका खाटकाला चुंबन देऊन मत मिळवले, अशी आवई उठली आणि टॉमस रोलंडसनपासून सगळ्यांनी ते चुंबन कोरले. पुरुष उमेदवार मते विकत घेत होते, त्याचे कोणाला नवल नव्हते.

लंडनबाहेरही गिलरेचे चाहते होते. वायमारहून निघणाऱ्या एका जर्मन नियतकालिकात त्याच्या नव्या चित्रांची वर्णने, उलगड्यासह, नियमित येत. ती पाठवणारा लंडनमधला बातमीदार होता योहान ख्रिस्तियान ह्यूटनर. याच ह्यूटनरने विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून मनुस्मृती जर्मनमध्ये आणली, १७९७ मध्ये. आणि हाच लॉर्ड मॅकार्टनीच्या चीनच्या वकिलातीबरोबर पेकिंगला जाऊन आला होता. त्या वकिलातीची बादशहापुढे उडालेली फजिती गिलरेने सप्टेंबर १७९२ मध्ये, म्हणजे जहाज इंग्लंडचा किनारा सोडण्याआधीच, काढून विकली होती. ह्यूटनर जे पाहून आला आणि गिलरेने जे न पाहता काढले, त्यावर या दोघांचे कधी बोलणे झाले असेल का?

त्या चीनच्या चित्रात काय किंवा हेस्टिंग्जच्या चित्रांत काय, आशियातला माणूस कसा येतो ते पुन्हा पाहावे. ‘कार्लो खान’मध्ये त्याचे कपडे आहेत, तो नाही. उंटावरच्या चित्रात त्याचे पागोटे आणि त्याचे रुपये आहेत, तो नाही. रक्ताच्या समुद्रात तो अखेर येतो, पण प्रेत म्हणून, बिनचेहऱ्याचा. ज्या चित्रकारांनी इंग्लंडमधल्या प्रत्येक पुढाऱ्याची हनुवटी ओळखता येईल अशी कोरली, त्यांना चेतसिंग किंवा अयोध्येच्या बेगमा यांचा चेहरा हवा असा वाटलाच नाही. गिऱ्हाइकालाही तो नको होता. हेस्टिंग्जचा खटला १४५ दिवसांची कामकाजे होऊन, सात वर्षांनी, २३ एप्रिल १७९५ ला संपला. तो निर्दोष सुटला. तोवर खिडकीपुढच्या घोळक्याला त्यात रस उरलेला नव्हता.

युवराजाने मात्र व्यंगचित्रांचा मार्ग आपल्या पद्धतीने काढला. तो मिसेस हम्फ्रीचा गिऱ्हाईक होता, स्वतःचीच विटंबना विकत घ्यायचा. गादीवर येण्याच्या सुमारास, राणी कॅरोलाइनशी त्याचा उघड संघर्ष पेटला तेव्हा, त्याने चित्रेच नव्हे तर तांब्याचे पत्रेही विकत घेऊन दडपायला सुरुवात केली. त्यावर काही वर्षांत अडीच हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली. जून १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँकला १०० पौंड मिळाले, महाराजांना अनीतिमान प्रसंगात दाखवणार नाही या वचनाच्या बदल्यात. त्या पैशाची पावती अजून जपून ठेवलेली आहे.

गिलरे हे पाहायला उरला नव्हता. १८०७ च्या सुमारास त्याची दृष्टी अधू होऊ लागली, १८१० नंतर बुद्धी भ्रमली. मिसेस हम्फ्रीने त्याला माडीवरच्या खोलीत सांभाळले. १८११ मध्ये त्याने तिथल्या खिडकीतून उडी टाकण्याचा प्रयत्न केला. १ जून १८१५ ला तो गेला. नेपोलियनचा वॉटर्लूला पराभव झाला तो त्यानंतर सतरा दिवसांनी.

त्याचे पत्रे पुढे हेन्री बोन नावाच्या प्रकाशकाने जवळजवळ मोडीच्या तांब्याच्या भावाने घेतले आणि व्हिक्टोरियाच्या राज्यात ते पुन्हा छापले. फारच अश्लील वाटली ती चित्रे त्याने वगळली नाहीत, फक्त वेगळ्या खंडात बांधली. आणि विंडसरच्या किल्ल्यात चौथ्या जॉर्जपासून साठत आलेली हजारो व्यंगचित्रे राजघराण्याने १९२१ मध्ये विकून टाकली. ती आज वॉशिंग्टनला, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.